कोंबड्यांच्या व पाळीव पोपटांच्या तळव्यावरील व्रण : प्रतिबंध व उपचार

बैलानें एक पाय आखडता घेतला कीं सारें घर गोट्यांत गोळा होतें. खूर पाहतात, कोणी शेकतो, कोणी डॉक्टरांस बोलावण्यास धांवतो. कोंबडी लंगडूं लागली तर मात्र 'कोठें तरी कांटा मोडला असेल, चालेल उद्यां' एवढें बोलून आपण आपल्या कामास लागतों. कोंबडीची किंमत बैलाच्या मानानें अल्प, हें खरें. परंतु घरांतील मिठामिरचीचा, मुलांच्या वह्यांचा व आलेगेलेल्याच्या पाहुणचाराचा किती खर्च अंड्यांच्या पैशांतून परभारें निघतो, ह्याचा हिशेब घरांतील बायकांस विचारावा. तो पुरुषांच्या वहींत कधींच चढत नाहीं. म्हणून ज्या रोगामुळें चांगली अंड्यावरची कोंबडी दोन महिन्यांत निकामी होते, व जो वेळींच ओळखल्यास कोमट पाणी, मऊ पट्टी व कोरडी जमीन एवढ्यावर बहुधा बरा होतो, त्या तळव्याच्या व्रणाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतों. सेवानिवृत्त होऊन आम्ही गांवीं राहावयास आलों, तेव्हां परसांत सिमेंटची फरशी घालून आम्हीं कोंबड्यांसाठीं नवें खुराडें बांधलें. जुनें मातीचें खुराडें पाडलें, कारण तें ओबडधोबड दिसे. नव्या खुराड्यांत कळकाच्या दांड्या साडेचार फुटांवर बसविल्या. उंच असल्या म्हणजे मुंगूस पोंचणार नाहीं, असा आमचा समज. तीन महिन्यांनीं सूनबाईंनीं सांगितलें, 'मामंजी, मोठा कोंबडा उजवा पाय टेकीत नाहीं.' आम्हीं तिकडे कानाडोळा केला. पंधरा दिवसांनीं त्यांनीं पुनः सांगितलें, तेव्हां पाहिलें तों तळव्याच्या मध्यभागीं काळी खपली व भोंवतीं सुपारीएवढी सूज. आम्हांस वाटलें, गळूं आहे, फोडलें कीं पू वाहून जाईल. दाढीचें पातें तापवून आम्हीं तें कापलें. पू वाहिला नाहीं. रक्त मात्र थांबेना. हळद दाबून तें कसेंबसें थांबविलें. आठ दिवसांत सूज घोट्याच्या सांध्यापर्यंत चढली, कोंबडा खाईनासा झाला, व अखेर गेला. त्यानंतर आम्हीं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाऊन ही गोष्ट समजून घेतली व मिळेल तें वाचलें. तें आधीं केलें असतें तर कोंबडा वांचला असता.

रोगाचें स्वरूप

पक्ष्याच्या सर्व शरीराचा भार दोन लहान तळव्यांवर असतो. बैलास चार खूर आहेत व तो रात्रीं आडवा होतो. कोंबडी व पोपट हे झोंपेंतही पायांवरच असतात. तळव्याच्या मध्यभागीं जी जाड गादी असते तिची कातडी बारीक खवल्यांची असते. एकाच जागीं नित्य दाब पडला, किंवा ती जागा घांसली, टोंचली वा सतत ओली राहिली, म्हणजे प्रथम तेथील खवले झिजून कातडी गुळगुळीत व तांबूस होते. मग तिला सूक्ष्म चीर पडते व त्या चिरेंतून जंतु आंत शिरतात.

ह्या जंतूंपैकीं मुख्य तो स्टॅफिलोकोकस ऑरिअस. इ. स. १८८० मध्यें स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनीं माणसाच्या गळवांतील पुवांत हे जंतु पाहिले. सूक्ष्मदर्शकाखालीं ते द्राक्षांच्या घडासारखे दिसतात म्हणून ग्रीक भाषेंतील घडाच्या शब्दावरून त्यांनीं हें नांव दिलें. हा जंतु कोठून बाहेरून यावा लागत नाहीं; तो पक्ष्यांच्या व माणसांच्याही कातडीवर पुष्कळदां असतो. कातडी अखंड आहे तोंपर्यंत तो निरुपद्रवी. चीर पडली कीं तो घात करतो. म्हणजे ह्या रोगांत जंतूइतकाच, किंबहुना अधिक, दोष जागेचा व दांडीचा असतो. आणि जागा व दांडी ह्या आपल्या हातांतील गोष्टी आहेत.

आमच्या कोंबड्याचा पू कां वाहिला नाहीं, ह्याचें उत्तरही येथेंच आहे. माणसाच्या किंवा जनावराच्या गळवांत पू पातळ होतो, कारण त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत तो विरघळविणारीं द्रव्यें असतात. पक्ष्यांच्या पेशींत त्यांपैकीं कांहीं द्रव्यें नसतात. म्हणून त्यांचा पू चक्क्यासारखा घट्ट, पिवळट गोळा होऊन बसतो. त्यास नुसतें भोंक पाडून उपयोग नाहीं. तो गोळा मुळासकट निघावा लागतो. तळव्यांत शिरा व स्नायूंच्या दोऱ्या दाटीनें असल्यामुळें हें काम घरच्या पात्याचें नव्हे. शिवाय दोन किलो वजनाच्या कोंबड्याच्या अंगांत सारें मिळून सुमारें दीडशें मिलिलिटर रक्त असतें. त्यांतून थोडें जरी वाहून गेलें तरी त्यास भारी पडतें.

कारणें

१. कठीण जमीन. सिमेंटची फरशी, तारेची जाळी, अथवा खडीचें आंगण ह्यांवर पाय सतत घांसतो. फरशी धुण्यास सोपी म्हणून घालावयाची असेल तर तिच्यावर तुसाचा थर हवाच.

२. ओल. पावसाळ्यांत खुराड्यांतील तूस भिजून त्याचा लगदा होतो, विष्ठेंतून अमोनिया सुटतो व तळव्याची कातडी मऊ पडून फाटते. डोळे चुरचुरतील असा वास खुराड्यांत आला तर पायांस धोका आहे असें समजावें.

३. दांडी. फार उंच दांडीवरून जड पक्षी रोज पहांटे धपकन् खालीं उडी घेतो, तेव्हां तळव्यास आंतून ठेंच लागते. फार बारीक किंवा सालटीं निघालेली दांडी तळव्यास कांचते व टोंचते.

४. कांटे. बाभळीची कुपाटी, ज्वारीचीं धसकटें, तारेचे तुकडे, कांच. हीं पहिली चीर पाडतात.

५. जडपणा. वनराजा व गिरिराज ह्या सुधारलेल्या जाती गांवठी कोंबडीहून जड आहेत. पहिली हैदराबाद येथें व दुसरी बंगळूर येथें परसांतील पालनासाठींच तयार झाली, व त्या उपयुक्तही आहेत. परंतु त्यांच्या कोंबड्यांस गांवठी पक्ष्यांची उंच दांडी मानवत नाहीं. बंद जागेंत नुसतें धान्य खाऊन माजलेला पक्षीही ह्याच वर्गांत येतो.

६. निकृष्ट आहार. नुसत्या ज्वारीवर किंवा तांदळाच्या कण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यास 'अ' जीवनसत्त्व पुरत नाहीं. त्या जीवनसत्त्वावर कातडीचा टिकाऊपणा अवलंबून असतो.

ओळख

महिन्यांतून एकदां प्रत्येक पक्षी हातांत घेऊन दोन्ही तळवे पाहावेत. आमचें आयुष्य महसुलाच्या नोंदींत गेलें. जशी हंगामांत पीकपाहणी, तशी ही पायपाहणी समजावी व एका वहींत पक्ष्याची खूण, तारीख व पायाची स्थिति लिहून ठेवावी. स्मरणावर विसंबूं नये.

पहिल्या पायरीस तळवा तांबूस, चकचकीत व गुळगुळीत दिसतो; लंगडणें नसतें. दुसऱ्या पायरीस थोडी सूज, लहान खपली व पाय हलका टेकणें. तिसऱ्या पायरीस काळी, घट्ट बसलेली खपली, तिच्याखालीं कठीण गांठ, गरम लागणारा पाय. चौथ्या पायरीस सूज बोटांत व घोट्यांत चढते, पक्षी बसून राहतो व खाणें सोडतो. तेव्हां जंतु हाडांत व सांध्यांत शिरलेले असतात. पहिल्या दोन पायऱ्या घरच्या उपचाराच्या, पुढच्या दोन दवाखान्याच्या.

एक पाय दुखूं लागला म्हणजे पक्षी सारा भार दुसऱ्यावर टाकतो, व थोड्याच दिवसांत तोही बिघडतो. म्हणून चांगला दिसणारा पायही पाहावा.

प्रत्येक लंगडणें म्हणजे हा रोग नव्हे. नळीवरील खवले उचकटून पांढरट खडबडीत पुटें चढलीं असतील तर ती खवल्यांखालील किडीची बाधा आहे. तिचा उपचार निराळा. बोटांस केंस किंवा दोरा गुरफटून बोट सुजलें असेल तर तो बारीक कात्रीनें सोडवावा. तळवा निर्मळ असून पाय लुळा पडला असेल तर तो निराळा व गंभीर रोग असूं शकतो, डॉक्टरांस दाखवावें.

प्रतिबंध

दांडी जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर असावी. जड जातींसाठीं दीड फुटांपेक्षां अधिक नको. मुंगसाची भीति दांडी उंच करून जात नाहीं. खुराड्याचें दार व जाळी नीट करून जाते. दांडी सुमारें दोन इंच रुंदीच्या लांकडाची, कडा रंध्यानें गोल केलेली असावी. अशा दांडीवर पक्षी तळवा पसरून बसतो व पोटाचीं पिसें बोटांवर येतात, त्यामुळें थंडींतही पाय उबदार राहतात. प्रत्येक पक्ष्यास आठ ते दहा इंच जागा ठेवावी. दांडीपर्यंत चढउतारासाठीं आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी तिरकी लावल्यास उड्या कमी होतात.

जमिनीवर भाताचें तूस, भुईमुगाचीं टरफलें किंवा लांकडाचा भुसा तीन ते चार इंच जाड पसरावा. आठवड्यांतून दोनदां दाताळ्यानें उलथापालथ करावी. ओला झालेला भाग त्याच दिवशीं काढून उकिरड्यांत टाकावा. हें उत्तम खत होतें, तेव्हां त्यांत तोटा कांहींच नाहीं. पाण्याचें भांडें विटेवर ठेवावें म्हणजे पाणी सांडून भोंवतालचें तूस भिजत नाहीं. पावसाळ्यापूर्वी छपराची गळती काढावी.

आंगणांतील कांटे, खिळे व कांचा वेंचाव्यात. आहारांत शेवग्याचा पाला, लसूणघास, कोथिंबिरीचीं देठें, गाजर व पिवळा मका ह्यांपैकीं कांहींना कांहीं रोज असावें. शेवगा बहुतेकांच्या बांधावर असतो. त्याचा पाला कोंबड्यांच्या वांट्यास येत नाहीं एवढेंच.

घरचा उपचार

पहिल्या व दुसऱ्या पायरीस पुढीलप्रमाणें करावें.

सायंकाळीं पक्षी शांत असतो तेव्हां त्यास धरावें. दोन माणसें असावींत. पंख आंवळून धरण्यासाठीं मऊ फडकें गुंडाळावें, पण छातीवर दाबूं नये. पक्ष्यास आपल्याप्रमाणें श्वासपटल नसतें. छाती हलली नाहीं तर तो गुदमरतो.

कोमट पाण्याच्या एका लिटरांत दोन मोठे चमचे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून त्यांत पाय दहा ते पंधरा मिनिटें बुडवावा. हें मीठ खत म्हणून शेतीच्या दुकानांत मिळतें. तें येथें वापरूं नये, औषधाच्या दुकानांतील घ्यावें. पक्ष्यानें तें पाणी पिऊं नये ह्याकडे लक्ष असावें. नंतर पाय मऊ कापडानें टिपून कोरडा करावा. पोव्हिडोन आयोडीनचें द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतकें पाण्यांत पातळ करून त्यानें व्रण धुवावा व वाळूं द्यावा. खपली बोटानें उचकटूं नये. तळव्याखालीं निर्जंतुक जाळीच्या कापडाची मऊ घडी ठेवून बोटांमधून पट्टी फिरवावी. पट्टी इतकी सैल असावी कीं बोटें सुजणार नाहींत. तासाभरानें बोटांस हात लावून तीं थंड पडलीं नाहींत ना, हें पाहावें. पट्टी रोज बदलावी.

असा पक्षी इतरांपासून निराळा, जाड कोरड्या तुसावर, दांडी नसलेल्या जागीं ठेवावा. पाणी व दाणा जवळ असावा. चार दिवसांत सूज उतरली नाहीं, किंवा वाढली, तर पुढें घरीं कांहीं करीत बसूं नये.

काय करूं नये

बिब्बा लावूं नये. माणसाच्या टांचेच्या भेगांवर कित्येक लोक तो लावतात. त्याचें तेल कातडी जाळतें व व्रण मोठा होतो. रुईचा चीक, रॉकेल व डिझेल हींही वर्ज्य. घरांतील दुखण्याच्या गोळ्या देऊं नयेत. डायक्लोफिनॅक हें औषध दिलेल्या जनावरांचीं प्रेतें खाऊन आपल्या देशांतील गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, व इ. स. २००६ मध्यें जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. आपल्या गांवच्या आकाशांतून गिधाडें कशीं नाहींशीं झालीं हें आमच्या वयाच्या वाचकांनीं पाहिलें आहे. पक्ष्याचें शरीर आपल्यासारखें नाहीं, ह्यास याहून मोठा पुरावा नको.

तसेंच दुकानदाराच्या सांगण्यावरून जंतुनाशक औषध पाण्यांत मिसळूं नये. कोणत्या जंतूवर कोणतें औषध लागू पडेल हें डॉक्टर ठरवितील; गरज पडल्यास ते पुवाची तपासणी करवितात. अर्धवट मात्रेनें जंतु मरत नाहींत, निगरगट्ट मात्र होतात. औषध चालू असतां व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं व मांस खाऊं नये, विकूंही नये. अंडीं आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या मुलांच्या पोटांत जातात.

व्रण हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. आपल्या बोटास चीर असेल तर हातमोजा घालावा. हेच जंतु माणसासही गळूं करतात, व अन्नांत वाढले तर त्यांचें विष उकळूनही नाहींसें होत नाहीं. म्हणून पट्टी बदलणाऱ्यानें तसाच स्वयंपाकघरांत प्रवेश करूं नये.

दवाखान्यांत काय होतें

तिसऱ्या पायरीस डॉक्टर भूल देऊन खपली व तिच्याखालील घट्ट गोळा काढतात, जखम धुतात, पट्टी बांधतात व जंतुनाशकाचा क्रम लिहून देतात. पुढें कांहीं आठवडे पट्ट्या बदलाव्या लागतात. इतका खर्च एका कोंबडीसाठीं करावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु ठरवावें लवकर. चौथ्या पायरीस हाड नासलें असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें पक्ष्याच्या वेदनांचा शेवट करणें हेंच योग्य. त्यास कोपऱ्यांत कुढत ठेवणें ही दया नव्हे.

पोपटाविषयीं

पूर्वी ओसरीवर राघूचा पिंजरा असणें हें घरंदाजपणाचें लक्षण समजत. आतां आपल्या रानांतील कोणताही पोपट पकडणें वा पाळणें वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें गुन्हा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शेतांत जखमी राघू सांपडला तर वनखात्याच्या स्वाधीन करावा. परदेशीं मूळ असलेले बजरीगर, कॉकटील व लव्हबर्ड हे लहान पोपट मात्र पुष्कळ घरीं मुलांच्या हौसेखातर असतात. त्यांस हाच रोग होतो, व त्याचीं कारणेंही तींच, फक्त लहान प्रमाणावर.

पिंजऱ्याबरोबर मिळणारी दांडी एकाच जाडीची, गुळगुळीत असते. तिच्यावर तळव्याच्या त्याच ठिपक्यावर रात्रंदिवस दाब पडतो. ती काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या, सालीसकट फांद्या घालाव्यात. कांहीं जाड, कांहीं बारीक, म्हणजे प्रत्येक वेळीं पकड बदलते. कण्हेरीची फांदी कधींही घालूं नये. ती विषारी आहे. नखें झिजावीत म्हणून दांडीवर घांसकागद गुंडाळतात, तो तळवाच सोलतो. तळाच्या जाळीवर कागद किंवा कापड पसरावें. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पोपट लठ्ठ होतो व त्यास 'अ' जीवनसत्त्व मिळत नाहीं. गाजर, पालक, कोथिंबीर, लाल मिरची हीं त्यास द्यावींत. रोज पिंजऱ्याबाहेर, बंद खोलींत, उडूं द्यावें. उपचारांत मात्र पोपट कोंबडीहून नाजूक. बजरीगराचें वजन तीस-चाळीस ग्रॅमच असतें. तेव्हां त्याच्या पायास सूज दिसतांच डॉक्टरांकडे न्यावें, घरीं पट्टी बांधण्याचा प्रयोग करूं नये.

समारोप

कोंबडा गेल्यावर आम्हीं दांड्या दीड फुटांवर आणल्या, फरशीवर तूस घातलें, व पहिली पायपाहणी केली. नऊ कोंबड्यांपैकीं तिघींचे तळवे तांबूस निघाले, एकीस खपली होती. ती एक तुरेवाली, सूनबाईंनीं माहेराहून आणलेली. तिचा पाय सूनबाई रोज सायंकाळीं बुडवीत व आम्ही पट्टी बांधीत असूं. एकविसाव्या दिवशीं पट्टी सोडली, तेव्हां खपली आपोआप गळून खालीं नवी कातडी आली होती. बाकी तिघी नुसत्या तुसानेंच सुधारल्या. तुरेवाली पुढें खुडूक बसली व तिनें अकरा पिलें काढलीं. वहींत ती नोंद सूनबाईंच्या हातची आहे. आतां ती वही त्यांच्याच ताब्यांत असते, व त्यांनीं एखादा पक्षी लंगडतो म्हणून सांगितलें तर आम्ही दुसऱ्यांदा सांगण्याची वाट पाहत नाहीं.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर, आज सायंकाळीं कोंबड्या खुराड्यांत शिरल्या म्हणजे एकेकीचे तळवे दिव्याच्या उजेडांत पाहावे, एवढीच विनंति. दहा पक्ष्यांस पाव तास पुरतो.